शेवाळातलं घबाड

तोपो नदीला पूर आला होता आणि तो ओसरायचं नाव घेत नव्हता. इक्वेडोरमध्ये, अँडीजच्या पूर्व उतारावरच्या जंगलात रिचर्ड स्प्रूस काठावर अडकून पडले होते. साल १८५७. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आधी होडीने आणि मग पायी असा प्रवास करत हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बान्योस नावाच्या गावाकडे निघाले होते. वर पाऊस, खाली चिखल, शिधा संपत आलेला आणि पाणी चढतच चाललेलं. अखेर खडकांवर बांबू टाकून कसाबसा पूल उभा केला आणि बरंचसं सामान मागे ठेवून मंडळी पलीकडे गेली. त्या दिवसांबद्दल लिहिताना स्प्रूस यांनी देवाचे आभार मानले आहेत. जीव वाचला म्हणून मानले असते तर त्यात नवल नव्हतं. त्यांनी मानले ते एका साध्या शेवाळाकडे बघता बघता आपण सगळं संकट विसरू शकलो, याबद्दल.

स्प्रूस यांचा खरा जीव शेवाळांत आणि त्यांच्या चुलतभावंडांत, म्हणजे यकृतकांत होता. मोठमोठे वृक्ष, वेली, औषधी साली हे सगळं ते गोळा करत, कारण त्यावर पोट चाले. शेवाळ मात्र हौसेचं. तोपोच्या काठी पुराचे तुषार अंगावर घेणाऱ्या झुडपांच्या फांद्यांवर त्यांना एक यकृतका मिळाली. तिचं नाव पुढे मायरिओकोलिया इरोराटा असं पडलं. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं ती कुणाच्या हाती लागली नाही. २००२ मध्ये त्याच नदीकाठी ती पुन्हा सापडली. तिच्यावरचा शोधनिबंध लिहिणाऱ्यांत बान्योसमध्येच राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाचं नाव आहे : लू जोस्ट. ही कथा मुख्यतः त्यांची आणि त्यांना शेवाळात सापडलेल्या आमरींची, म्हणजे ऑर्किडची. पण त्या डोंगरांत त्यांच्या आधी जे लोक गेले ते काय शोधत होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

ते सोनं शोधत होते.

बान्योसच्या उत्तरेला यांगानातेस नावाची पर्वतरांग आहे. १५३२ मध्ये स्पॅनिश आक्रमक पिसारोने इंका सम्राट अताउआल्पाला कैद केलं आणि सुटकेच्या मोबदल्यात सम्राटाने खोलीभर सोनं देऊ केलं. सोनं येत राहिलं, पण सम्राटाला मारून टाकलं. दंतकथा अशी की, वाटेत असलेला उरलेला खजिना रुमिन्याउई या सेनापतीने यांगानातेसमध्ये नेऊन लपवला. पुढे वाल्व्हेर्दे नावाच्या एका गरीब स्पॅनिश माणसाला बायकोच्या वडिलांकडून ती जागा कळली, तो श्रीमंत होऊन स्पेनला परतला आणि मरताना त्याने राजासाठी वाटेचं वर्णन लिहून ठेवलं. अमुक डोंगर, तमुक तळं, मग दलदल, मग धबधबा. हे वर्णन इक्वेडोरात पोचलं आणि त्यामागे माणसं निघाली. एका मोहिमेतले पाद्रीबुवा अचानक नाहीसे झाले. अतानासिओ गुस्मान नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञही या नादी लागला. त्याने त्या मुलखाचा नकाशा काढला, मोहिमा नेल्या. पण त्याला झोपेत चालायची सवय होती आणि एका रात्री तो चालत चालत कड्यावरून गेला. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते स्प्रूस यांच्यामुळे. त्यांनी तो कागद आणि तो नकाशा शोधून काढला आणि लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८६१ मध्ये छापला. ते स्वतः मात्र त्या सोन्यामागे गेले नाहीत.

त्यांच्या हातून भलतीच संपत्ती बाहेर गेली, आणि ती आपल्याकडे आली. १८६० मध्ये त्यांनी चिंबोरासोच्या उतारावरून तांबड्या सालीच्या सिंकोनाच्या सुमारे एक लाख बिया आणि सहाशेहून अधिक रोपं ब्रिटिश सरकारसाठी मिळवली. निलगिरीत उटकमंडला सिंकोनाचे मळे उभे राहिले त्यामागे ही मेहनत होती. हिवतापाने फणफणलेल्या आपल्या आजी-पणजींनी तोंड वाकडं करून गिळलेलं कोयनेल हे याच झाडाच्या सालीतलं औषध. स्प्रूस यांची प्रकृती मात्र त्याच सुमारास खालावली, ती कायमची.

आता जोस्ट. शिक्षण भौतिकशास्त्राचं, त्यातही सैद्धांतिक. शिवाय पक्ष्यांचा नाद, हाताला चित्रकला. १९९०च्या दशकात ते बान्योसला येऊन राहिले. गाव १,८०० मीटर उंचीवर, पाठीशी पाच हजार मीटरचा तुंगुराहुआ ज्वालामुखी. खालून पास्तासा नदी पूर्वेकडची सगळी पर्वतरांग कापत ॲमेझॉनकडे जाते. ही खिंडच सगळ्याचं मूळ आहे. ॲमेझॉनवरून येणारी ओली हवा तिच्यातून वर शिरते, डोंगरांना अडते आणि ढग होऊन बसते. एखाद्या उतारावर वर्षभर चिंब ओल, तर वळसा घालून दोन किलोमीटर गेलं की डोंगराआड कोरडी ठक्क जमीन. ज्याला गणित येतं आणि ज्याला फुलंही आवडतात अशा माणसाला इथे आयुष्यभर पुरेल एवढं काम होतं. कुठल्या उतारावर किती पाऊस आणि कुठल्या उतारावर कुठली आमरी, हे ताडून बघायचं.

ऑक्टोबर १९९९ मध्ये तुंगुराहुआ जागा झाला. सरकारने बान्योस रिकामं करायला लावलं, रस्त्यावर सैन्याचा पहारा बसवला. अडीच-तीन महिने लोक बाहेर राहिले आणि जानेवारी २००० मध्ये पहारा झुगारून आपापल्या घरी परतले. वर राख उडतेच आहे, खाली दुकानं उघडताहेत, असं ते वर्ष. त्याच २००० सालात जोस्ट आणि त्यांच्याबरोबरचे चार विद्यार्थी जवळच्या एका पर्वतावर चढले.

त्या चढाईची कल्पना सह्याद्रीच्या मळलेल्या वाटांवरून येणार नाही. वाट अशी नसतेच. पुढचा माणूस कोयत्याने फांद्या तोडत जातो आणि बाकीचे मागून. वर जावं तशी झाडं खुजी होत जातात. माथ्याजवळ ती जेमतेम डोक्याच्या उंचीची, वेडीवाकडी, एकमेकांत अडकलेली, आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत शेवाळाने माखलेली. पाय ठेवला ती जमीन आहे की मुळांच्या जाळीवर साठलेली शेवाळाची गादी, हे पाय खाली गेल्यावर कळतं. कपडे वाळत नाहीत. धुक्यात दहा हातांपलीकडचं दिसत नाही. दिसतं ते नाकासमोरचं, आणि नाकासमोर असतं शेवाळ.

त्या शेवाळात चार आमरी फुललेल्या होत्या. चारही अशा, की आजवर कुठल्याच पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. आणि चारही एकाच प्रजातीतल्या : टीगिया.

नव्या आमरीचं अप्रूप इक्वेडोरमध्ये तसं फार नाही. त्या देशात चार हजारांवर आमरी आहेत आणि दर वर्षी नव्या सापडतात. या चौघींनी डोळे विस्फारायला लावले ते टीगियाच्या पूर्वेतिहासामुळे. आमरींचं प्ल्यूरोथॅलिडिनी नावाचं एक उपकुळ आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर पसरलेलं, पाच हजारांच्या घरातल्या जातींचं, आणि बहुतेक सगळ्या चिमुकल्या. आपल्याकडे पुष्पप्रदर्शनात मांडतात त्या भडक, तळहाताएवढ्या आमरींशी यांचं नातं आहे हे सांगूनही पटत नाही. झाडाच्या सालीवर किंवा शेवाळात मुळं रोवून त्या जगतात. झाडाचा रस मात्र शोषत नाहीत, बांडगुळाशी त्यांची गल्लत करू नये. पाऊस, धुकं आणि सालीवर साठलेला पालापाचोळा एवढ्यावर त्यांचं भागतं. फुलं कधी नखावर मावतील एवढी, कधी त्याच्याही कितीतरी लहान. सह्याद्रीत ओबेरोनियाचा तुरा भिंगातून बघितलेल्या माणसाला हा आकार नवा वाटायचा नाही.

या उपकुळाला आयुष्य वाहिलेला माणूस म्हणजे कार्लाइल लुअर. फ्लोरिडातले शस्त्रक्रियातज्ज्ञ. शस्त्रक्रियेची सुरी खाली ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिमटा आणि सुई हाती घेतली. एकेक फूल उलगडून, त्याच्या प्रत्येक भागाचं रेखाचित्र काढून त्यांनी शेकडो नव्या जातींची वर्णनं लिहिली. प्लॅटिस्टील नावाच्या प्रजातीत बसवलेल्या काही जाती त्यांना तिच्यात शोभेनात. १९९१ मध्ये त्यांनी त्या वेगळ्या काढल्या आणि वॉल्टर टीग या आमरीप्रेमीच्या नावावरून नव्या प्रजातीला टीगिया नाव दिलं. तिच्यात जाती किती? सहा. कोलंबिया आणि इक्वेडोर मिळून, सगळ्या जगात सहा. त्यांतल्या एकीला ‘रेक्स’ म्हणजे राजा आणि दुसरीला ‘झ्यूस’ अशी नावं मिळाली आहेत. एवढ्याशा फुलांना असली नावं ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

म्हणजे जगभरात सहा, आणि इथे एका पर्वतावर एकदम चार नव्या. शिवाय या चौघींची वाढण्याची रीत आधीच्या सहा जणींसारखी नव्हती. त्या झुबक्याने वाढतात. या नव्या चौघी शेवाळातून लांबच लांब सरपटत जातात, मध्येमध्ये बारीक पानं काढतात आणि फुलांचा दांडा तेवढा शेवाळाच्या वर उंच धरतात.

इथे सावध माणसाला शंका यायला हवी. शेवाळाच्या एकाच गादीवर, एकाच पद्धतीने वाढणारी चार झाडं. फुलं थोडी वेगळी. ती चार वेगळ्या जातींची कशावरून? एकाच जातीची चार रूपं का नसतील? माणसांत गोरी-काळी, उंच-बुटकी असतात तशी. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात अशा फसगतींना तोटा नाही. एकाच झाडाला दहा जणांनी दहा नावं दिल्याची उदाहरणं कपाटं भरून आहेत. नवी जात जाहीर करायचा मोह मोठा असतो, कारण नाव कायमचं राहतं. माझ्या मते या शोधाचा खरा कस फूल दिसलं त्या क्षणी लागलेला नाही. तो लागला या प्रश्नाशी.

उत्तर प्रयोगशाळेच्याही आधी डोंगरावरच मिळतं. एकाच जातीची रूपं असतील, तर मधली रूपंही दिसायला हवीत : अर्धं असं, अर्धं तसं. एकाच गादीवर शेजारी शेजारी, एकाच सुमारास फुलणारी झाडं आपसांत फळत असतील, तर दोन-चार पिढ्यांत सगळ्यांची सरमिसळ होऊन जाईल. आणि शेजारी राहूनही प्रत्येकीचं फूल पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच साच्यात राहत असेल, मधलं काहीच सापडत नसेल, तर त्यांच्यात काहीतरी भिंत आहे. जीवशास्त्रात जात ठरते ती याच भिंतीवरून. दूरच्या दोन डोंगरांवर दोन वेगळी फुलं मिळाली तर वाद घालता येतो. एकाच शेवाळात मिळाली आणि तरीही मिसळली नाहीत, तर वादाला फारशी जागा उरत नाही.

मग जोस्ट आजूबाजूच्या पर्वतांकडे वळले. पास्तासाच्या एका बाजूला मायोर्दोमो, पलीकडे कांदेलारिया, आणखी दोन-चार माथे. नकाशावर ही ठिकाणं हाताच्या अंतरावर दिसतात. प्रत्यक्षात मध्ये खोल दरी. एका माथ्यावरून खाली उतरून दुसऱ्यावर चढायचं म्हणजे दर वेळी नव्याने कोयता चालवायचा. प्रत्येक माथ्यावर शेवाळ, प्रत्येक शेवाळात सरपटणारी टीगिया, आणि नीट बघावं तर फूल कालच्यापेक्षा निराळं. आकडा चारावरून चढत गेला. २००४ मध्ये इक्वेडोरच्या वनस्पतींवरील एका शोधनिबंधात जोस्ट यांनी हिशेब मांडला : पास्तासाच्या वरच्या खोऱ्यातल्या चार शेजारी पर्वतांवर मिळून टीगियाच्या २६ नव्या जाती. एकेका पर्वतावर १६ पर्यंत जाती एकत्र नांदणाऱ्या.

सहाच्या प्रजातीत सव्वीसची भर. सगळ्या जणी त्या एवढ्याशा टापूतल्या. फ्लोरिडातल्या मार्क व्हिटन यांनी यांतल्या अनेक जातींचा डीएनए तपासला. त्यात त्या एकमेकींच्या अगदी जवळच्या नातलग निघाल्या, एकाच पूर्वजाच्या लेकी शोभतील अशा. कुठून तरी एक टीगिया इथे आली, तिला लांब सरपटायची युक्ती साधली आणि मग तिच्या वंशाचा इथल्या इथे विस्फोट झाला.

उत्क्रांतीच्या पुस्तकात अशा विस्फोटाचं उदाहरण द्यायचं झालं की गॅलापागोस बेटांवरच्या डार्विनच्या फिंच पक्ष्यांचं देतात. ते तेरा-चौदा. गॅलापागोसही इक्वेडोरचंच. म्हणजे त्याच देशाच्या मुख्य भूमीवर, लोकवस्तीच्या आणि पर्यटकांच्या गावाजवळच्या डोंगरांवर, फिंचांच्या दुप्पट मोठं उदाहरण उभं होतं आणि २००० सालापर्यंत त्याचा कुणाला पत्ता नव्हता. बान्योस हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं, धबधब्यांचं, देवदर्शनाचं गाव. माणसांचा तिथे राबता असतो. आणि खजिना शोधणारे तर याच प्रदेशाच्या आसपास शतकानुशतकं हिंडले.

पण या उदाहरणात एक अडचण आहे. फिंच बेटांवर होते. मध्ये समुद्र होता, म्हणून वेगळे पडले असं म्हणता येतं. आमरीला बेट कसलं? तिचं बी म्हणजे धूळ. एकेका फळात हजारो बिया, कधी लाखो, इतक्या हलक्या की वाऱ्यावर दऱ्या पार करून जाव्यात. त्यांत साठवलेलं अन्न नसतं. रुजायला विशिष्ट बुरशी भेटावी लागते, म्हणून बहुतेक मरतात. पण उडायची अडचण नाही. मग इतकं दूर जाऊ शकणारं बी चार पर्वतांपुरतं का राहिलं? आणि शेजारी वाढणाऱ्या सोळा जणी एकमेकींत मिसळल्या का नाहीत?

पहिल्या प्रश्नाला वारा आणि पाऊस हे उत्तर असू शकतं. बी कुठेही जाईल, पण जगेल तिथेच जिथे धुक्याचं आणि थंडीचं नेमकं तेच प्रमाण आहे. आणि पास्तासाच्या खिंडीने ते प्रमाण अगदी थोड्या माथ्यांवर जुळवून आणलं आहे. जोस्ट यांचा रोख पहिल्यापासून याच दिशेने होता.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र कोस्टारिकाला जावं लागतं.

तिथल्या ओल्या डोंगरी जंगलात टीगियाच्याच उपकुळातली लेपॅन्थेस ही प्रजाती वाढते. जाती आठशेच्या वर, फुलं काही मिलिमीटरची, रंग मात्र भडक. मधाचा थेंब नाही. फुलाच्या ओठावर, म्हणजे पुढच्या पाकळीवर, केसाळ असा इवलासा शेपटीसारखा भाग असतो. हा कशासाठी, हे कोडं वनस्पतिशास्त्रज्ञांना कित्येक वर्षं सुटत नव्हतं. २००५ मध्ये मारिओ ब्लांको आणि गाब्रिएल बार्बोसा यांनी त्याचं उत्तर छापलं. लेपॅन्थेस ग्लिकेनस्टाइनी या जातीच्या फुलांवर त्यांना एकच पाहुणा दिसला : बुरशीवर वाढणाऱ्या एका चिलटाचा नर, ब्रॅडिसिया फ्लोरिबुंडा. दुरून तो येतो बहुधा वासाने. फुलावर उतरतो, पोट ओठाखाली वाकवतो आणि मादीला धरायच्या चिमट्यांनी ती शेपटी पकडतो. मग मादीबरोबर करावं तसं तोंड फिरवून फुलाकडे पाठ करतो. या गडबडीत परागांचा पुंजका त्याच्या पोटाला चिकटतो. पुढच्या फुलावर हाच प्रकार, आणि पुंजका जागच्या जागी पोचतो. नराला मादी मिळत नाहीच. त्याचं रेतही फुलावर वाया जातं असं दिसतं.

अशी फसवणूक करणाऱ्या आमरी आधी माहीत होत्या. अल्जीरियात पूयान नावाच्या न्यायाधीशाने गांधीलमाश्यांची अशीच धडपड वर्षानुवर्षं पाहून १९१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. न्यायाधीशाने पुरावा तपासायला इतकी वर्षं घेतली यात नवल नाही. १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियात एडिथ कोलमन यांनी तिथल्या आमरीवर तेच दाखवलं, तेही आधी त्यांच्या मुलीच्या नजरेला पडलेलं. पण अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातल्या या चिमुकल्यांत, चिलटांसारख्या क्षुल्लक किड्यांबरोबर हा खेळ चालतो हे नवं होतं. ब्लांको आणि बार्बोसा यांना लेपॅन्थेसच्या आणखी तीन जातींवरही असेच नर दिसले. ते निराळ्या जातींचे होते.

गंमत आहे ती या निराळेपणात. फुलाचा वास किंचित बदलला की एका जातीचं चिलट येणं बंद होतं आणि दुसऱ्या जातीचं सुरू होतं. फूल शेजारीच असलं तरी पराग तिथे पोचत नाहीत. समुद्र नको, दरी नको. एक गंध बदलला की भिंत उभी राहिली. टीगियाच्या सोळा जणींमध्ये हीच भिंत असावी हा माझा तर्क आहे. उपकुळ तेच, फुलांचा आकार तसाच, जंगलही चिलटांना आवडणारं, म्हणून केलेला.

कांदेलारियाने आणखी एक धक्का दिला. २००९ मध्ये जोस्ट यांनी तिथून आणलेल्या एका आमरीची मुळं तपासत असताना त्यांत दुसरंच काहीतरी वाढलेलं दिसलं. भिंगाखाली धरल्यावर कळलं की ते फुललेलं आहे. फुलाची रुंदी २.१ मिलिमीटर. पाकळ्या एका पेशीच्या जाडीच्या, म्हणून आरपार दिसणाऱ्या. जगातली सर्वांत लहान आमरी म्हणून तिची बातमी वर्तमानपत्रांत झळकली. ती होती प्लॅटिस्टील, म्हणजे लुअर यांनी जिच्यातून टीगिया वेगळी काढली तीच प्रजाती. ही मात्र शोधायला कुणी चढलं नव्हतं. दुसऱ्याच झाडाच्या मुळांतून ती फुकटात खाली आली.

जोस्ट यांचं नाव संख्याशास्त्रात वेगळ्याच कारणाने घेतलं जातं, आणि ते कारण या डोंगरांपासून दूर नाही. विविधता मोजायला परिसरशास्त्रात निर्देशांक वापरतात. समजा, एका जंगलात सोळा जाती आहेत, सगळ्या सारख्या संख्येने. बुलडोझर आला आणि त्यांतल्या आठ पार गेल्या. विविधता निम्मी झाली, हे शाळकरी मुलगाही सांगेल. सिम्पसनचा लोकप्रिय निर्देशांक काय सांगतो? आधी ०.९३७५, नंतर ०.८७५. म्हणजे घट सात टक्क्यांहूनही कमी. अहवालात हा आकडा टाकला की नुकसान किरकोळ दिसतं. भौतिकशास्त्रातून आलेल्या जोस्ट यांना हे पटेना. २००६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की, अशा निर्देशांकांना विविधता समजणंच चूक आहे. त्यांचं रूपांतर ‘तेवढीच विविधता देणाऱ्या सारख्या संख्येच्या किती जाती’ या आकड्यात करायला हवं. म्हणजे सोळाचे आठ झाले की उत्तरही निम्मं येतं. ही कल्पना पूर्णतः त्यांची नव्हे, आधीही काहींनी मांडली होती. पण ती परिसरशास्त्रज्ञांच्या गळी उतरवली त्यांनी. आज त्यांचा तो २००६चा शोधनिबंध संख्याशास्त्राशी संबंध नसलेले लोकही उद्धृत करतात.

उदाहरणातला सोळा हा आकडा मी मुद्दाम घेतला. कांदेलारियावरच्या टीगियाही सोळाच.

तो पर्वत वाचवायचा तर कायद्याचा आधार फारसा नव्हता. धोक्यातल्या जातींच्या यादीत जायला आधी जातीला नाव लागतं, आणि नाव देणं हे संथ काम आहे. नमुना वाळवून वनस्पतिसंग्रहात ठेवायचा, फूल मद्यार्कात जपायचं, उलगडून चित्र काढायचं, नातलग जातींशी ताडायचं, आणि २०११ संपेपर्यंत तर नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये लिहिण्याची सक्तीच होती. पहिल्या चौघींना नावं मिळाली. त्यांतली एक, टीगिया जोस्टी, शोधकाच्याच नावाची. पुढच्या बहुतेक जणी वर्षानुवर्षं नुसत्या क्रमांकांनी ओळखल्या जात राहिल्या. अशा वेळी जोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ जमीन घ्यायचं ठरवलं. एकोमिंगा नावाची संस्था काढली. मिंगा म्हणजे अँडीजमधल्या गावांची इर्जिक. ब्रिटनमधल्या वर्ल्ड लँड ट्रस्टने पैसा उभा करायला हात दिला आणि कांदेलारियाच्या उतारावरची जमीन संस्थेच्या मालकीची झाली. राखणीला शेजारच्या गावातलीच माणसं नेमली. आता त्या माथ्यावर कोयता चालतो तो याच राखणदारांचा, आणि टीगिया फुलल्याची खबर अनेकदा त्यांच्याकडूनच खाली येते.